जुन्या बसच्या ब्रेक ड्रमचे जाम झालेले स्क्रू कसे काढावेत?

प्रश्न : अहमदपूर

नमस्कार. आमच्या गावच्या दिंडीसोबत सामान आणि वयस्कर वारकरी नेण्यासाठी एक जुनी बस घेतलेली आहे. ती दोन पावसाळे वापराविना काळ्या रानाच्या कडेला उभी होती आणि मागची चाके रिमपर्यंत चिखलात रुतलेली होती. आता आषाढीपूर्वी पासिंग करून घ्यायचे असल्याने चारही ड्रम उघडून लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे अस्तर) बदलण्याचे काम मी हाती घेतले आहे. तीन ड्रम निघाले. मागचा क्लीनर साइडचा (डावीकडचा) ड्रम मात्र हलत नाही. त्याला दोन चपट्या डोक्याचे स्क्रू आहेत. त्यांपैकी एक निदान शाबूत आहे, पण दुसऱ्याची खाच मोठा स्क्रू ड्रायव्हर पान्याने फिरवताना निसटून पूर्णपणे गोल झाली आहे. दोन दिवस रॉकेल सोडून पाहिले, तरी काही फरक पडला नाही. गावातील एकाने गॅसने ड्रम लाल करून ठोकण्याचा सल्ला दिला आहे, पण माझे मन त्याला तयार होत नाही. आमचा रस्ता लातूर, मुरूड, येडशी, बार्शी असा असून येडशीच्या पुढे बालाघाटाची उतरण लागते, तेव्हा ब्रेकच्या कामात कुठलीही कसर ठेवायची नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : जालना

राम राम दादा. गॅसला आपण नकार दिलात ते योग्यच केलेत. अवजड गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हे स्क्रू कशासाठी असतात ते आधी ध्यानात घ्यावे. चाक काढलेले असताना ड्रम हबवर (चाक ज्यावर बसते त्या मधल्या फिरत्या भागावर) सरळ बसून राहावा एवढेच त्यांचे काम आहे. गाडी चालू असताना ड्रमला धरून ठेवतात ते चाकाचे नट. म्हणून स्क्रू वाया गेला तर काही बिघडत नाही, परंतु त्याला वाचवण्याच्या नादात ड्रमला तडा गेला किंवा हबमधले आटे गेले तर खरे नुकसान होते.

तो जाम का होतो? गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आट्यांमधील बारीक फट भरून जाते आणि स्क्रू आतून आवळला जातो. शिवाय त्याचे निमुळते डोके ड्रमच्या खळग्यात पाचरीसारखे बसलेले असते. ब्रेकच्या उष्णतेने वर्षानुवर्षे तापून आणि निवून ही पाचर अधिकच घट्ट होते. अशा स्क्रूला नुसता पीळ दिला की आधी खाच जाते, आपल्याकडे झाले तसे. त्याला हवा असतो ठोका.

शाबूत स्क्रूपासून सुरुवात करावी. खाचेतला गंज आणि माती टोकदार पोकरणीने पूर्ण काढून टाकावी, कारण तळाशी माती राहिली तर बिट वरवर बसते आणि पहिल्याच झटक्याला निसटते. मग इंजेक्शनच्या सिरिंजने गंज सोडवणारे तेल डोक्याच्या कडेने तीन-चार थेंबच सोडावे. जास्त सोडलेले तेल ओघळून लायनरपर्यंत गेले तर नवा घोटाळा होईल. तेल मुरेपर्यंत रात्रभर थांबावे. सकाळी डोक्यावर जाड पंच ठेवून हातोड्याचे पाच-सहा सरळ ठोके द्यावेत, म्हणजे आट्यांमधला गंज तडकतो. ठोके स्क्रूवरच द्यावेत, ड्रमच्या बाहेरच्या कडेवर कधीही देऊ नयेत. ड्रम बिडाचा असतो आणि बीड वाकत नाही, फुटते.

यानंतर इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरावा. खाचेत घट्ट बसेल असे सर्वांत रुंद बिट निवडावे. पहिला ठोका आवळण्याच्या दिशेने द्यावा आणि मगच दिशा बदलावी. हातोडा निदान किलोभर वजनाचा हवा. या अवजारात प्रत्येक ठोक्यासरशी बिट खाचेत दाबली जाते आणि त्याच क्षणी फिरते, म्हणून हाताच्या जोराने न हटणारा स्क्रू येथे सुटतो. सुटताना ‘टक’ असा वेगळा आवाज येतो, तो ऐकू आला की समजावे.

उत्तर : नांदेड

वरील सर्व मार्गदर्शनाशी मी सहमत आहे. खाच गेलेल्या स्क्रूबद्दल तेवढे लिहितो.

डोके वायर ब्रशने चकाकेपर्यंत घासून त्यावर एक नट ठेवावा आणि नटाच्या भोकातून वेल्डिंग करून तो डोक्याला जोडावा. यात दोन कामे एकदम होतात : स्क्रू आतून तापतो आणि पान्याला पकड मिळते. लाली गेल्यावर, पण पूर्ण थंड होण्याआधी, पाना लावून किंचित मागे-पुढे करत फिरवावे. पाणी ओतू नये.

एक खबरदारी अत्यंत महत्त्वाची आहे. वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प त्याच ड्रमला, स्क्रूच्या जवळ लावावी आणि बॅटरीची तार काढून ठेवावी. क्लॅम्प चासीला लावली तर करंट चाकाच्या बेअरिंगमधून जातो आणि रोलरवर ठिणग्यांचे डाग पडतात. मी स्वतः एकदा ही चूक केली. ड्रम निघाला, पण काही दिवसांनी त्याच चाकातून घरघर येऊ लागली आणि बेअरिंग बदलावे लागले. गॅसने ड्रम तापवण्याचा धोका तर याहून मोठा आहे : हबमधील ग्रीस वितळते, ऑइल सील जळते आणि ते ग्रीस लायनरवर उतरते.

वेल्डिंगची सोय नसेल तर डोके ड्रिलने उडवावे. मधोमध पंच मारून आधी ४, मग ६ मिलिमीटरचे भोक घ्यावे आणि शेवटी स्क्रूच्या दांड्याएवढे बिट चालवावे. डोके कड्यासारखे वेगळे होईल. ड्रम निघाल्यावर हबमध्ये जो तुकडा उरतो, त्याच्यावरचा ताण गेलेला असल्याने तो बहुधा व्हाइस ग्रिपने (आवळून धरून ठेवणाऱ्या पकडीने) निघतो.

प्रश्नकर्ता : अहमदपूर

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. शाबूत स्क्रू इम्पॅक्ट ड्रायव्हरच्या सातव्या की आठव्या ठोक्याला सुटला. दुसऱ्यावर नट वेल्ड केला, पण तो दोनदा तुटला, म्हणून शेवटी डोके ड्रिल केले. आता दोन्ही स्क्रू नाहीत, तरीही ड्रम बोटभर पुढे येऊन अडतो.

उत्तर : जालना

दादा, बोटभर आला म्हणजे हबवरून तो सुटला आहे. अडकला आहे तो शूवर, म्हणजे लायनर ज्यावर बसवलेले असते त्या कमानीवर. जुन्या ड्रमला आतून घासून कडा येते आणि ती लायनरला अडते. स्लॅक अॅडजस्टर (शू आणि ड्रममधील अंतर कमी-जास्त करणारा भाग) उलटा फिरवून शू पूर्ण मागे घ्यावेत. मागच्या चाकाला स्प्रिंगचा हँडब्रेक असेल तर ब्रेकच्या हवेच्या चेंबरच्या मागील बोल्टने स्प्रिंग आधी आवळून घ्यावी. केवळ टाकीतल्या हवेवर विसंबू नये, कारण हवा उतरली की शू फाकतात आणि त्या वेळी हात आत असू शकतो. गाडी जॅकवर न ठेवता घोडीवर ठेवावी आणि पुढच्या चाकांना ठोकळे लावावेत. ड्रमच्या तोंडावर आटे असलेली दोन रिकामी भोके दिसली तर त्यांत बोल्ट घालून आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळावेत, म्हणजे ड्रम सरळ बाहेर येतो. आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ती पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने पुसावी.

प्रश्नकर्ता : अहमदपूर

ड्रम निघाला. अॅडजस्टर सैल करताच तो हातानेच बाहेर आला. आतली कडा नखाला स्पष्ट लागते, म्हणून ड्रम लेथवर नेणार आहे आणि त्यावर कोरलेल्या कमाल मापापलीकडे गेला तर बदलणार आहे. उरलेला तुकडा व्हाइस ग्रिपने निघाला, हबचे आटे १० मिलिमीटरच्या टॅपने साफ केले. नव्या स्क्रूंना कॉपर ग्रीस लावून ते बेताने आवळेन आणि चाकाचे नट पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालल्यावर पुन्हा तपासेन.