शब्दचर्चा: ताईचीतला 'ची' आणि चीगोंगमधला 'ची'

आंबेमोहोर:
दोन वर्षं ताईची, म्हणजे सावकाश हालचालींचा चिनी व्यायाम, करतोय. चोवीस हालचालींचा संच पाठ झालाय, पण आमचे सर म्हणतात की जोडीला चीगोंग (श्वास आणि हालचालींचा चिनी सराव) करा, नाहीतर नुसती कवायत होईल. घरी सांगितलं तर बायकोने विचारलं, "दोन्हीतला ची एकच का?" मी ठोकून दिलं, हो, ची म्हणजे प्राणशक्ती. आता शंका येतेय. आणि चीगोंगला मराठीत 'चिनी प्राणायाम' म्हटलं तर चालेल का?

खुंटी:
वहिनींची माफी मागा. दोन्ही 'ची' वेगळे आहेत.

ताईचीतला च अल्पप्राण. त्या शब्दाचा जुना अर्थ घराचं आढं. त्यावरून टोक, परमावधी. 'ताई' म्हणजे सर्वांत थोर. (यिन आणि यांग ही चिनी विचारातली परस्परपूरक तत्त्वं म्हणजे छपराचे दोन उतार आणि वर एकच आढं, असं चित्र मी मनाशी धरतो. व्युत्पत्ती म्हणून नव्हे, लक्षात राहावं म्हणून.) चीगोंगमधला मात्र महाप्राण, चक्क 'छी'. त्याचा अर्थ वाफ, हवा, श्वास, चैतन्य. त्या चिनी अक्षराच्या जुन्या रूपात वाफेच्या चिन्हाखाली तांदूळ काढलेला असतो. तिकडे रोजच्या बोलण्यात हवामानातही छी आणि रागावण्यातही छी.

जुन्या रोमन लेखनात हा महाप्राण दाखवायला अक्षरापुढे वरच्या बाजूला स्वल्पविरामासारखं एक चिन्ह द्यायचे. छापताना ते गळलं आणि इंग्रजीत दोघांचा एकच ची झाला. आपल्याकडे च आणि छ दोन्ही असताना आपण इंग्रजीमार्गे उसना घेतला, याचा मला राग येतो.

मी कामानिमित्त शांघायला होतो तेव्हा शेजारच्या आजींनी माझी शिकवणीच घेतली. कागदी रुमाल माझ्या तोंडासमोर धरला. 'ची' म्हटल्यावर कागद ढिम्म, 'छी' म्हटल्यावर फडफडला पाहिजे. माझा तिसऱ्या खेपेला फडफडला.

'गोंग'मधला ग सुद्धा आपला ग नाही, कुंग जवळचं. कुंग फूमधला कुंग तोच.

दहीभात:
म्हणजे मी सकाळी उठून 'छी' करायला जाते असं सोसायटीत सांगू? चीगोंगच बरं.

खुंटी:
लिहा चीगोंग, रूढ झालंय. पण प्राणायाम नको. प्राणायामात आसन घालून बसायचं, श्वास रोखायचा. चीगोंगच्या बहुतेक प्रकारांत उभ्याने सावकाश हालचाल असते आणि श्वास अडवायचा नसतो.

शिवाय या सगळ्या पद्धतींना मिळून चीगोंग म्हणायची रीत फार जुनी नाही, 1950च्या दशकात चीनमधल्या आरोग्यधामांतून ती पसरली. ताओपंथीयांचे (ताओ हा चीनमधला प्राचीन पंथ) जुने शब्द वेगळे. एक 'ताओयिन', म्हणजे वळवणं-खेचणं. चीनमधल्या चांगशा शहराजवळ मावांगत्वेईला 1973 साली एक थडगं उघडलं, इ.स.पू. 168 मध्ये बंद केलेलं. त्यात रेशमावर व्यायाम करणाऱ्या 44 आकृत्या निघाल्या, त्यांत बायकाही आहेत. दुसरा शब्द 'थू-ना'. जुना श्वास बाहेर, नवा आत. थू म्हणजे खरंच थुंकणं! आपल्या 'थू'शी नातं नाही, योगायोग आहे, पण मला फार आवडतो.

गवतीचहा:
मी गाणं शिकते, म्हणून नाक खुपसते. गोंगचा अर्थ काय?

खुंटी:
वेळ आणि कष्ट घालून अंगी आणलेली गोष्ट.

गवतीचहा:
मग आपल्याकडे आहे की शब्द! कमावणं. गळा कमावतात, तालमीत शरीर कमावतात. चीगोंग म्हणजे दम कमावणं. एकच शब्द हवा असेल तर 'दमसास' घ्या.

खुंटी:
'कमावणं' अगदी चपखल. दमसास मात्र पुरत नाही. त्यात फुप्फुसाची ताकद येते, पण छी तर तळपायापर्यंत फिरते म्हणतात. बेंबीखाली जिथे लक्ष ठेवायचं त्या जागेला 'तानथ्येन' म्हणतात, शब्दशः हिंगुळाचं (पाऱ्याच्या लाल खनिजाचं) शेत. ताओपंथी किमयागारांचा हिंगूळ.

गवतीचहा:
खर्ज लावताना गुरुजी म्हणतात, बेंबीच्या देठापासून आवाज येऊ दे. त्यांच्या शेताला आमचा देठ!

दहीभात:
शब्द झाले, पण फायदा होतो का? माझं वय 61, गुडघे कुरकुरतात.

आंबेमोहोर:
माझ्यापुरतं सांगतो. ताईचीत पुढची हालचाल आठवण्यातच डोकं अडकतं. चीगोंगमध्ये एकाच जागी तेच तेच करायचं, त्यामुळे वजन कुठल्या पायावर आहे, खांदे कधी वर चढले, हे कळायला लागतं. सर सारखं 'सुंग, सुंग' म्हणतात, म्हणजे सैल. मला वाटायचं, चिनी गाणं लावायचंय. गुडघे जेमतेम मोडायचे, दुखलं की वर यायचं. नियमित ताईचीने वयस्कर लोकांचं पडणं कमी होतं हे अभ्यासांतून दिसलंय. रक्तदाबाची गोळी मात्र मी चालूच ठेवलीय.

खुंटी, बायकोला आढ्याचं सांगितलं. ती म्हणाली, "आमच्या आजोळच्या घराचं आढं फणसाचं होतं," आणि पुढचा अर्धा तास ते घरच निघालं.