मदत हवी आहे: जांभळ्या लिनॅरियाची जुनी झाडं ठेवू की काढू?

नमस्कार मंडळी,

जांभळा लिनॅरिया (लिनॅरिया पर्प्युरिया) मला वाफ्यात कायमचा हवा आहे. दोन-तीन फूट उंच ताठ काड्या, निळसर करडी अरुंद पानं आणि वर डॉगफ्लॉवरसारखी, पण अगदी इवलीशी फुलं. प्रत्येक फुलाच्या मागे बाकदार शेपटी असते, मध तिथेच साठतो. मधमाशी खालच्या ओठावर टेकली की तिच्या वजनाने फुलाचं मिटलेलं तोंड उघडतं. हे बघताना माझा वेळ कसा जातो कळत नाही.

आता अडचण. जुन्या झाडांचे बुंधे लाकडासारखे झालेत. मधून फुटवा नाही, कडेने दोन-चार किडकिडीत काड्या तेवढ्या येतात. ऊन दिवसभर आहे, निचराही चांगला आहे. दुसरीकडे शेजारच्या खडीत आपोआप पडलेल्या बियांची रोपं मात्र तरारली आहेत. हा बहुवर्षायू ना? मग इतक्यात का थकला? खत वाढवू का? बुंधे फोडून वेगळे लावले तर चालतील?

शिवाय एका मैत्रिणीने पिवळा लिनॅरिया देऊ केलाय. तो याच वाफ्यात लावावा का?

प्रतिसाद

झाडाला काही झालेलं नाही. जांभळा लिनॅरिया बहुवर्षायू खरा, पण अल्पायुषी. वाफ्यात तो टिकतो तो बियांच्या जोरावर. त्यामुळे थकलेले बुंधे खुशाल काढा आणि खडीतली रोपं बोटभर असतानाच मातीसकट उचलून त्या जागी लावा. मोठी झाली की हलवलेली सोसत नाहीत. बुंधे फोडण्यात अर्थ नाही. एखादं झाड विशेष आवडतं असेल तर वसंतात त्याच्या कोवळ्या फुटव्यांची कलमं करा.

खत मुळीच वाढवू नका. सकस मातीत काड्या उंच होऊन लोळतात. पहिला बहर ओसरला की काड्या छाटा, दुसरा बहर येतो. फक्त चार काड्या बियांसाठी राहू द्या. स्वतः बी पेरणार असाल तर मातीवर नुसतं भुरभुरा, खोल पुरू नका.

पिवळा (लिनॅरिया व्हल्गॅरिस) मात्र वाफ्यात नकोच. तो जमिनीखालून मुळांनी पसरतो आणि तुटलेल्या मुळाच्या तुकड्यातूनही परत उगवतो. उत्तर अमेरिकेत बागेतून निसटून तो त्रासदायक तण झाला आहे. फारच मोह झाला तर कुंडीत लावा आणि कुंडी फरशीवर ठेवा.

धागाकर्ती

खूप आभार! बुंधे काढते, पिवळ्याला नकार कळवते. आणखी एक: याच लिनॅरियाचा गुलाबी वाण 'कॅनन वेंट' जांभळ्याशेजारी लावला तर त्याच्या बियांतून गुलाबीच येतील का?

प्रतिसाद

एकटा लावला तर बहुतेक रोपं गुलाबीच निघतात. शेजारी जांभळा असेल तर मधमाश्या परागांची सरमिसळ करणारच. गुलाबी जपायचा असेल तर त्याला बागेच्या दुसऱ्या टोकाला जागा द्या आणि आसपास उगवलेली जांभळी रोपं फुलू लागली की लगेच उपटा.