तक्रार केलीत, पुढे काय झालं? (अनुभव धागा)

मैत्रिणीला नवीन नोकरीत साहेबांचे रात्री अकराला मेसेज येतात. "तक्रार करू की दुसरीकडे बघू?" असं तिने विचारलं आणि मला धड उत्तर देता आलं नाही. ज्यांनी ऑफिसातल्या लैंगिक छळाची तक्रार केली, किंवा करायची राहून गेली, त्यांनी लिहा. कंपनीचं, माणसाचं नाव नको.

*

आमचे वरिष्ठ खुर्चीमागे येऊन उभे राहायचे. "हा आकडा बघ" म्हणत माऊसवरच्या माझ्या हातावर हात ठेवायचे. मी माऊस भिंतीकडच्या बाजूला घेतला, डाव्या हाताने काम शिकले. आजही डाव्यानेच करते. एचआर म्हणाले, "बोलून मिटवू या." मी हो म्हणणारच होते! समेट फक्त तक्रारदार बाईने मागितला तरच होतो आणि त्यात पैशांची तडजोड चालत नाही, हे नंतर कळलं. शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांत कंपनीच्या तक्रार समितीकडे लेखी द्यायचं असतं, मी 85व्या दिवशी दिलं. (उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, पण त्या भरवशावर राहू नका.) चौकशी चालू असताना माझं अप्रेझल त्यांच्याकडे नको, अशी मागणी केली. ती मान्य झाली. रात्रीची झोप परत आली ती त्या दिवशी, निकालाच्या नव्हे. चौकशी 90 दिवसांत संपायला हवी, आमची रेंगाळली.

*

आम्ही पाचच जण, आणि त्रास मालकाचाच. दहापेक्षा कमी माणसं असली किंवा तक्रार मालकाविरुद्ध असली, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तिचा पत्ता सापडेपर्यंत चपला झिजल्या.

*

मी पुरुष आहे, साक्षीदार होतो. समितीसमोर "माझं लक्ष नव्हतं" म्हणालो. लक्ष होतं. आरोप सिद्ध झाला नाही आणि जेवणाच्या सुट्टीत 'खोटी तक्रार' सुरू झालं. सिद्ध झालं नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरवता येत नाही, असं कायद्यातच लिहिलंय. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

*

मी एका समितीवर बाहेरची सदस्य आहे. बालविवाह रोखायला गेल्या म्हणून सामूहिक बलात्कार झालेल्या राजस्थानच्या भंवरीदेवींच्या प्रकरणातून 1997 साली सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल (कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचे नियम) आला, कायदा व्हायला 2013 उजाडलं. पण आमच्यापुढे येणाऱ्या अर्जात बरेचदा "गैरवर्तन केले" एवढंच असतं. तारीख, जागा, आजूबाजूला कोण होतं आणि नेमके शब्द लिहा, अगदी घाण असले तरी. समितीपुढे वकील उभा करता येत नाही, ज्याच्यावर आरोप आहे त्यालाही नाही. आणि मेसेज ठेवा. किळस येऊन आधी तेच पुसले जातात, मला कळतं.

*

धागाकर्ती: मैत्रिणीने पुसलेत. पण शेजारच्या टेबलावरच्या मुलीलाही तसेच येत होते, तिचे आहेत. दोघी रविवारी कॅलेंडर घेऊन बसणार आहेत.