मदत हवी आहे: लाइव्ह मायग्रेशन ४९१५२ पोर्टवर अडतंय

दोन केव्हीएम होस्ट (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारे लिनक्स सर्व्हर), सामायिक एनएफएस (नेटवर्कवरचं) स्टोरेज. माझ्या मशीनवरून एसएसएचने व्हर्श (व्हीएम सांभाळायची कमांड) दोन्हींना जोडतं, दोन्हीकडची व्हीएमची यादी बरोबर दिसते. लाइव्ह मायग्रेशन (चालू व्हीएम बंद न करता दुसऱ्या होस्टवर हलवणं) पीटूपी पर्यायाने, म्हणजे पहिला होस्ट स्वतःच दुसऱ्याला जोडतो तसं, चालवलं, की ४९१५२ पोर्टवर ‘नो रूट टू होस्ट’ येतं. राउटिंग ठीक आहे, पिंग जातो. हा संदेश फायरवॉलडीच्या (होस्टवरच्या फायरवॉलच्या) नकारामुळे येतो, हे नक्की. पहिल्या होस्टच्या रूट वापरकर्त्याची (अ‍ॅडमिनची) एसएसएच की दुसऱ्यावर आहे, त्यामुळे तो मुद्दा नको.

नियंत्रण एसएसएचमधून जात असलं तरी व्हीएमची मेमरी थेट टीसीपीने जाते, मूळ पोर्ट ४९१५२ ते ४९२१५. एवढी सगळी उघडायची नाहीत. क्यूईएमयूच्या (व्हीएम प्रत्यक्ष चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) कॉन्फ फाइलमध्ये किमान-कमाल पोर्ट ठरवून पाचच ठेवावीत आणि ती फक्त समोरच्या होस्टच्या आयपीला उघडावीत, असा विचार आहे. बदल दोन्ही होस्टवर करणार, कारण परतीच्या मायग्रेशनला तेच लागतं.

खरी काळजी वेगळीच: ही मेमरी एन्क्रिप्ट न होता जाते, त्यात पासवर्डही असतात. टनेल्ड पर्याय (मेमरीही नियंत्रणाच्याच एसएसएच जोडणीतून पाठवणं) वापरणाऱ्यांना वेग किती घटलेला दिसला? की टीएलएस (प्रमाणपत्रांवर चालणारं एन्क्रिप्शन) बरं? टीएलएस वापरत असाल तर होस्टला आयपीने बोलावताना प्रमाणपत्रातल्या नावाची पडताळणी कशी जुळवली, तेही कृपया सांगा.