मदत हवी आहे: ३ मायक्रॉनच्या वाटेत पेशी शिरत नाहीत

नमस्कार मंडळी. मी पणजीजवळ पीएचडी करतेय. स्तनाच्या कर्करोगाच्या एमडीए-एमबी-२३१ पेशी अरुंद जागेतून कशा सरकतात ते पाहायला पीडीएमएसची (पारदर्शक सिलिकॉन रबराची) बारीक वाहिन्या असलेली चिप केलीय. वाहिन्यांची उंची १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), रुंदी २०, १० आणि ३. पहिल्या दोन्हींत पेशी आरामात जातात. ३ च्या तोंडाशी मात्र थबकतात. केंद्रक अडतं म्हणावं (पेशीतला सगळ्यात हट्टी भाग तोच!), तर एवढ्या जागेतून ते दबून जायला हवं. मला संशय वाहिनीत अडकलेल्या हवेच्या बुडबुड्याचा; त्यामुळे फायब्रोनेक्टिन (पेशींना चिकटायला लागणारं प्रथिन) आत पोचतच नसणार. व्हॅक्यूमने हवा काढून कुणी पाहिलंय का?

शिवाय आमचा पावसाळा. चिकटवण्याआधी पृष्ठभागाला प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) देऊनही चिप काचेपासून सुटते. तुम्ही आधी ओव्हनमध्ये सुकवता का? किती वेळ? गोव्यातलं कुणी असेल तर चिप घेऊनच येते.