‘माणूस’ पुल्लिंगी, ‘व्यक्ती’ स्त्रीलिंगी. मग मानवजातीविषयी लिहावे कसे?

पाटीपेन्सिल:
शाळकरी मुलांसाठी मी उत्क्रांतीवर पुस्तिका लिहीत आहे. ‘आदिमानव गुहेत राहत असे, तो शिकार करी, त्याला अग्नी वापरता येऊ लागला’ हे पान वाचून भाचीने विचारले, ‘मग आदिबाई कुठे होती?’ होमो सेपियन्ससाठी, म्हणजे आपल्या मानवजातीसाठी, मराठीत असा शब्द आहे का, की ज्याच्यामागून ‘तो’ आपोआप येणार नाही?

उंबरठा:
शब्दाआधी वचन बदलून पाहावे. ‘माणूस’ पुल्लिंगी असला तरी ‘माणसे’ नपुंसकलिंगी चालते: ‘माणसे आफ्रिकेतून बाहेर पडली, ती शिकार करीत.’ नवरा-बायको ‘भांडली’ असे आपण म्हणतो, ते याच सोयीने. दोनच लिंगे असलेल्या हिंदीला ही सोय नाही. घरगुती बोलण्यात तर ‘आपलं माणूस’, ‘म्हातारं माणूस’ असे एकवचनही नपुंसकात जाते.

जुनी वही:
व्याकरण मान्य, पण वापर वेगळे सांगतो. ‘एक बाई आणि एक माणूस आला’ या वाक्यातला माणूस पुरुषच असतो आणि ‘बाईमाणूस’ हा शब्द ज्या सहजतेने येतो, त्या सहजतेने ‘पुरुषमाणूस’ येत नाही. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसने 1758 मध्ये मानवजातीला ‘होमो सेपियन्स’ हे नाव देताना घेतलेला ‘होमो’ हा लॅटिन शब्द मनुष्यमात्राचा आहे, पुरुषाला त्या भाषेत ‘विर’ म्हणत. इंग्रजीतला ‘मॅन’ मात्र पूर्वी कोणत्याही माणसाला लागू होता आणि पुढे पुरुषापुरता आकसला. आपला ‘माणूस’ त्याच उतारावर आहे, असे मला वाटते. संयुक्त राष्ट्रांच्या 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात पहिल्या कलमातील ‘ऑल मेन’ काढून ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ घालण्याचा आग्रह भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी धरला, तो अर्थ असाच आकसेल या धास्तीने. ‘व्यक्ती’ मात्र येथे घेऊ नये. तो शब्द एकेकट्याचा आहे, आणि ‘व्यक्ती दोन पायांवर चालू लागली’ हे वाचून उत्क्रांती बाजूला राहील व हसूच येईल.

पाटीपेन्सिल:
दोघांचेही आभार. संपूर्ण पान ‘आदिम माणसे’ या कर्त्यावर फिरवले. चार ठिकाणी वाक्य मोडून पुन्हा बांधावे लागले, परंतु ‘तो’ कुठेही उरला नाही. भाचीची तक्रार आता चित्रावर आली आहे: भाले धरलेल्या सगळ्यांना दाढ्या आहेत.