जूनमधलं अलास्का: आई-बाबांच्या बॅगेत काय भरायचं?

केटीहून (ह्यूस्टनजवळ), सोमवारी रात्री

नमस्कार मंडळी,

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सिअॅटलहून अलास्काच्या सात रात्रींच्या क्रूझवर निघतोय. आम्ही दोघं, सात वर्षांची लेक आणि नागपूरहून आलेले सासू-सासरे. केचिकॅन, जूनो, स्कॅगवे, एक दिवस ग्लेशियर बे आणि परतताना संध्याकाळी व्हिक्टोरिया असा मार्ग आहे.

कपड्यांच्या बाबतीत मात्र डोकं चालेनासं झालंय. एक जण सांगतो जाड पार्का, म्हणजे बर्फातला टोपीचा कोट, घेतल्याशिवाय जाऊ नका, दुसरा म्हणतो आम्ही टी-शर्टवर फिरलो. सासूबाई कायम गोल साडी नेसतात, पँट घालायची त्यांना सवय नाही. सासऱ्यांना मधुमेह आहे आणि पाय लगेच गार पडतात. दोघंही नागपूरच्या 44 अंशांतून आलेत. इथे ह्यूस्टनमध्येही मे महिन्यात दुकानात गरम कपडे शोधून सापडत नाहीत. विमानात माणशी एकच बॅग, 23 किलोची.

ज्यांनी आई-वडिलांना घेऊन ही सहल केली आहे त्यांनी कृपया नीट सविस्तर लिहा.

---

शुगरलँडहून, मंगळवारी सकाळी

अगं, तुला सांगणारे दोघंही खरं बोलतायत, म्हणूनच गोंधळ होतो. जूनच्या सुरुवातीला जूनोला दुपारी 15-16 अंश सेल्सिअस असतं आणि पहाटे 8-9. स्कॅगवेला ऊन पडलं की बाही दुमडून फिरावंसं वाटतं. पण त्याच सहलीत डेकवर उभं राहिलं की दात वाजतात, कारण जहाज चालत असतं. वीस नॉटच्या वेगानं निघालेलं जहाज म्हणजे ताशी 37 किलोमीटरचा वारा, बाहेर झाडाचं पान हलत नसलं तरीही. हवा 7 अंश असेल तर त्या वाऱ्यात अंगाला ती 2 अंशांसारखी लागते. हिमनदीसमोर जहाज थांबतं तेव्हा दुसराच वारा येतो. बर्फावरची थंड, जड हवा उतारावरून घरंगळत खाली येते आणि थेट तोंडावर आपटते. ग्लेशियर बेमध्ये मार्जरी हिमनदीसमोर जहाज तासभर तरी उभं असतं आणि कडा कोसळताना बघायला सगळे डेकवर येतात. त्या एका तासासाठी तयारी कर, म्हणजे बाकीचे दिवस आपोआप निभावतात.

म्हणून माझं ठाम मत: पार्का नको. वारा आणि पाणी अडवणारं पातळ रेनजॅकेट हवं, टोपीसकट, पार्श्वभागाच्या खाली येईल एवढं लांब आणि एक नंबर मोठं, म्हणजे आत दोन थर मावतील. प्रत्येकाला एक. पैसे खर्च करायचे तर इथेच कर. आतले कपडे साधे चालतात, घरात असतील ते चालतात, पण हे जॅकेट गळकं निघालं तर आतलं सगळं फुकट जातं. "वॉटर रेझिस्टंट" लिहिलेलं घेऊ नकोस, ते दहा मिनिटांत झिरपतं. "वॉटरप्रूफ" लिहिलेलं आणि शिवणी आतून पट्टीनं बंद केलेलं बघून घे. बाही उलटी केली की ती पट्टी दिसते.

पाऊस गृहीतच धर. केचिकॅनला वर्षाला 140 इंचांहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे साडेतीन मीटरच्या वर. मे-जून त्यातल्या त्यात कोरडे, खरा जोर सप्टेंबर-ऑक्टोबरला. शिवाय आपल्या मृगासारखा तो कोसळत नाही, दिवसभर रिपरिप चालते. छत्रीचा उपयोग कमी, बंदरावरच्या वाऱ्यात ती उलटी होते आणि म्हाताऱ्या माणसाचा एक हात अडकून राहतो. तो हात कठड्यासाठी मोकळा हवा. गावातले लोक तपकिरी रबरी गमबूट आणि रेनजॅकेट घालून फिरताना दिसतील, छत्री घेतलेला बहुतेक प्रवासीच असतो.

आता सासूबाईंचं. त्यांना पँट घालायला लावू नकोस. आमच्या सासूबाई सगळी सहल साडीत फिरल्या आणि मजेत फिरल्या. परकराच्या आत आतून फ्लीस असलेली लेगिंग आणि पोटरीपर्यंत येणारे लोकरीचे मोजे. वर पूर्ण बाह्यांचा थर्मल, त्यावर ब्लाऊज. हे आधी विचित्र वाटतं, मग त्यांनाच आवडतं. पदर खांद्यावरून पुढे घेऊन कमरेला खोचायचा आणि वर जॅकेटची चेन लावायची. पदर बाहेर राहिला तर डेकवर तो सांभाळण्यातच सगळा वेळ जातो. साडी सिंथेटिक किंवा क्रेप, घोट्याच्या थोडी वर नेसलेली. सुती साडी नको. खालचा काठ एकदा भिजला की तो पाणी वर ओढत जातो आणि संध्याकाळपर्यंत पायाला गार लागत राहतो. फक्त व्हेल बघायच्या बोटीच्या दिवशी सलवार-कुर्ता घालता आला तर बघ, त्या बोटीच्या पायऱ्या अरुंद आणि उभ्या असतात. नाहीच म्हणाल्या तर आत काचेच्या केबिनमध्ये बसवा, तिथूनही छान दिसतं.

दोघांसाठीही एक बघ: सगळे वरचे कपडे पुढून उघडणारे असू देत. जहाज आतून उबदार असतं. डेकवरून आत आलं की पाच मिनिटांत गरगरायला लागतं, आणि ज्यांचे खांदे दुखतात त्यांना डोक्यावरून स्वेटर काढताना जीव नकोसा होतो. सासूबाईंनी हातानं विणलेला एखादा स्वेटर सोबत आणला असेल तर तोच मधला थर. विणीच्या भोकांतून वारा जातो ही त्याची एकच अडचण, आणि ती वरचं जॅकेट सोडवतं.

सासऱ्यांची माकडटोपी नक्की घ्या. कान, मान आणि कपाळ एकाच वेळी झाकणारं त्याहून चांगलं काही मला अजून मिळालेलं नाही, आणि वाऱ्यानं ती उडतही नाही.

कपड्यांचा विषय नाही, तरी लिहिते. परदेशी नोंदणीची जहाजं 1886 च्या अमेरिकी कायद्यामुळे सिअॅटलहून निघून सिअॅटललाच परतताना वाटेत परदेशी बंदराला लागतात, म्हणूनच ते व्हिक्टोरिया आहे. सासू-सासऱ्यांच्या भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा आहे ना, हे आजच बघ. बोटीतून उतरणार नसलात तरी लागतो.

---

पेअरलँडहून, मंगळवारी दुपारी

काकूंच्या मेलला पूर्ण अनुमोदन. पायांबद्दल थोडी भर.

मधुमेह असेल तर बूट हा सर्वांत महत्त्वाचा कपडा समजा. ओलसर सुती मोजा आणि नवा बूट एकत्र आले की फोड येतो, आणि मधुमेहींना तो पटकन कळतही नाही. मेरिनो लोकरीचे मोजे घ्या, ते ओलसर झाले तरी ऊब धरतात. बूट वॉटरप्रूफ, तळाला चांगली पकड असलेले आणि अर्धा नंबर मोठे, कारण मोजा जाड असतो. ओल्या लाकडी धक्क्यांवर गुळगुळीत तळ घसरतो. आजच ऑर्डर करा आणि निघेपर्यंत बाबांना रोज सकाळी मॉलमध्ये तेच बूट घालून चालायला लावा. जहाजावर रोज संध्याकाळी त्यांचे तळवे स्वतः बघा.

जीन्स एखादीच, तीही जहाजात घालायला. भिजलेली जीन्स रात्रभरात वाळत नाही. मुलीला रेनजॅकेटबरोबर रेनपँटही घ्या. मुलं ओल्या बाकावर बसणारच. आणि पिसांचं डाउन जॅकेट घेताय तर पावसात ते वरचं म्हणून वापरू नका. भिजलं की पिसांचे गोळे होतात आणि ऊब जाते. रेनजॅकेटच्या आत मात्र उत्तम.

स्कॅगवेहून व्हाइट पास या खिंडीतली रेल्वे घेणार असाल तर सकाळचा जामानिमा पूर्ण असू दे. बंदरावरून निघालेली ती छोटी गाडी वीस मैलांत 2,865 फूट चढते. जूनच्या सुरुवातीला वर बर्फ शिल्लक असतो. डबे आतून गरम असतात, पण फोटो काढायचे ते दोन डब्यांमधल्या उघड्या फलाटावर उभं राहून. याच खिंडीतून 1898 मध्ये कॅनडातल्या क्लोंडाइकच्या सोन्यामागे लोक चढत होते, आणि माथ्यावरचे कॅनडाचे पोलीस वर्षभराचं सामान, म्हणजे जवळजवळ एक टन ओझं दाखवल्याशिवाय पुढे सोडत नसत. ते त्यांनी फेऱ्या मारमारून वर नेलं. गाडीतून ती जुनी पायवाट अजून दिसते, मुलीला आवर्जून दाखवा.

---

केटीहून, मंगळवारी रात्री

काकू, दादा, मनापासून आभार. व्हिसा आहे, दोघांचाही, मल्टिपल एंट्री. बूट ऑर्डर केले.

दोन शंका. एक, फॉर्मल नाइटला, म्हणजे जहाजावर नटूनथटून जेवायला जायच्या रात्री, आई पैठणी नेसायची म्हणतात. नेऊ का? खराब होईल अशी मला भीती वाटते. दोन, एवढे लेयर घेतले तर बॅग भरणारच. रोज नवा थर्मल लागेल का?

---

शुगरलँडहून, बुधवारी सकाळी

पैठणी जरूर ने. जहाजात डायनिंग हॉलमध्ये ना वारा, ना पाऊस. रेशमाला उबही असते, आत थर्मलची गरज नाही, वर शाल पुरते. मलमलच्या कापडात गुंडाळून हातातल्या बॅगेत ठेव, मोठ्या बॅगेत नको. फक्त इस्त्री घरूनच करून घे. बहुतेक जहाजांवर आगीच्या भीतीनं इस्त्री आणि स्टीमर न्यायला बंदी असते, सापडली तर काढून घेतात. म्हणूनच रोजच्या साड्याही चुरगळणाऱ्या किंवा खळीच्या नकोत. सासऱ्यांना झब्बा आणि बंद गळ्याचं जाकीट पुरे. सूट कशाला हवाय?

थर्मल माणशी दोन जोड. एक अंगावर, एक दोरीवर. रात्री बेसिनमध्ये धुवायचा, सुक्या टॉवेलात गुंडाळून पिळायचा आणि बाथरूममधल्या दोरीवर टाकायचा. केबिनची हवा कोरडी असते, सकाळी वाळलेला मिळतो. सुती बनियन मात्र वाळत नाही. केबिनच्या भिंती बहुधा पोलादी असतात, त्यामुळे चुंबकाचे हुक चार-सहा घेऊन जा. पाच जणांची ओली जॅकेटं टांगायला कपाटात जागा नसते आणि घडी घालून ठेवली तर दुसऱ्या दिवशी कुबट वास येतो. हा हुक स्वस्त आणि हलका आहे, विसरू नकोस.

बॅगांचं वेळापत्रक आधीच लक्षात ठेव. चढताना बंदरावर मोठ्या बॅगा घेतात आणि त्या केबिनपाशी संध्याकाळी कधीतरी येतात. पण जहाज दुपारी सुटतं तेव्हा सगळे वर डेकवर जातात, त्यामुळे जॅकेटं, टोप्या, सासऱ्यांची औषधं आणि इन्सुलिन असेल तर तेही हातातल्या बॅगेत हवं. उतरायच्या आदल्या रात्री उलटं, मोठ्या बॅगा झोपण्याआधी बाहेर ठेवायच्या असतात. सकाळचे कपडे, अंतर्वस्त्रं आणि बूट आधी बाजूला काढ, मगच चेन लाव. सासूबाईंची साडी, परकर, ब्लाऊज तिन्ही एकत्र पिशवीत ठेव. घाईत परकर बॅगेत जातो.

हातमोजे पातळ, फोन चालेल असे. गॉगल आणि सनस्क्रीन घ्या. पाणी आणि बर्फ दोन्हीवरून ऊन परततं आणि त्या दिवसांत सूर्य पहाटे चारला उगवून रात्री दहाच्या सुमाराला मावळतो. सासऱ्यांना उजेडात झोप लागत नसेल तर डोळ्यांवरची पट्टी. पोहायचे कपडेही ठेव, गरम पाण्याच्या टबात बसून डोंगर बघायला लेकीला फार आवडेल.

निघायच्या आठवडाभर आधी एका संध्याकाळी एसी पूर्ण वाढवून दोघांना सगळं अंगावर चढवायला लाव. चेन लागते का, हात वर होतो का, बाथरूमला जाताना काय काय काढावं लागतं, हे घरातच कळलेलं बरं. शेवटचं फार महत्त्वाचं आहे, बोटीवरचं टॉयलेट अगदी छोटं असतं.

---

वूडलँड्सहून, बुधवारी दुपारी

केटीच्या ताई, जॅकेटं विकत घ्यायच्या आधी थांबा. आमच्याकडे दोन चांगली वॉटरप्रूफ जॅकेटं आहेत, एक लेडीज लार्ज आणि एक जेन्ट्स मीडियम. शिवाय लेकाची रेनपँट, सात-आठ वर्षांच्या मापाची, त्याला आता आखूड झालीय. रविवारी मराठी शाळेत घेऊन येते. शेवटचा तास संपेपर्यंत मी स्वयंपाकघराच्या बाजूलाच असेन, सासूबाईंनाही आणा, तिथेच घालून बघता येतील.

---

केटीहून, बुधवारी रात्री

ताई, दोन्ही मापं बरोबर जुळतात! रविवारी आम्ही पाचही जण येतोय. आईंनी लेगिंगवर गोल साडी आज घरात नेसून बघितली आणि बाबांना दोनदा अंगणात फेरी मारून दाखवली. कोपऱ्यावरच्या दुकानात चुंबकाचे हुक मिळाले, सहाचं पाकीट. बॅगेचं वजन आत्ता 19 किलो भरतंय, पैठणी धरून.